लहान गाड्यांचा मोठा इतिहास

मनुष्याला जे भव्य वाटते, ते लहान करून हातात धरण्याची त्याची हौस फार पुरातन आहे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, पोळ्याला मातीचे बैल पुजले जातात, भातुकलीत सारा संसार टोपलीभर जागेत मांडला जातो. ह्या हौसेचेच एक अर्वाचीन रूप म्हणजे शर्यतीच्या जुन्या मोटारींच्या लहान प्रतिकृती जमवण्याचा छंद. एकाच गाडीच्या निरनिराळ्या कारखान्यांनी केलेल्या प्रतिकृती शेजारीशेजारी ठेवून त्यांची चाके, त्यांचे रंग आणि त्यांची मापे ताडून पाहणारी प्रौढ माणसे जगात सर्वत्र आढळतात. पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटतो. परंतु ह्या खेळाच्या मुळाशी इतिहाससंशोधकाचीच वृत्ती आहे: मूळ वस्तू नाहीशी झाली असता तिच्याविषयी कोणता साक्षीदार खरे बोलतो, हे ठरवण्याची. आणि ह्या हौसेचा शोध घेण्यास युरोपात जाण्यापूर्वी प्रवरेच्या आणि पैनगंगेच्या काठी थोडे थांबणे इष्ट ठरेल.

१९७४ साली, तेव्हाच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे एका शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक रथ. चारही वस्तू भरीव ओतीव कामाच्या, चाकांवर चालवण्यासाठी घडवलेल्या, आणि मिळून ६० किलोग्रॅमांहून अधिक वजनाच्या. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर व रुंदी १६ सेंटिमीटर. त्यावर उभा असलेला सारथी सुमारे १६ सेंटिमीटर उंचीचा. रथाला लांब दांडी आहे, दोन चाके आहेत, बैलांच्या मानेवर जू आहे. भारतात सापडलेल्या वाहनाच्या प्रतिकृतींत इतकी देखणी दुसरी क्वचितच असेल.

त्या कारागिराने मोजपट्टी लावून रथ घडवला, असे कोणी म्हणणार नाही. तरीही एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. उभ्या माणसाची उंची सुमारे १६० सेंटिमीटर धरली, तर हा सारथी मूळच्या एक दशांश होतो. त्याच प्रमाणाने बैलांसह रथाची लांबी साडेचार मीटर आणि रुंदी १ मीटर ६० सेंटिमीटर भरते. बैलजोडी जुंपलेल्या हलक्या गाडीला हे माप शोभणारे आहे. म्हणजे मोजपट्टी हाती नसली, तरी प्रमाणाची जाण त्या कारागिराच्या डोळ्यांत होती. मात्र तो कारागीर कोणत्या काळातला, ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. दायमाबादचे उत्खनन करणारे साळी ह्यांनी ह्या वस्तू उत्तर हडप्पा काळाच्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. उलट डी. पी. अग्रवाल ह्यांनी धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखवले. ह्या धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, आणि त्या काळच्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. तेव्हा ह्या वस्तू बऱ्याच नंतरच्या असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. प्रतिकृती डोळ्यांसमोर आहे, पण मूळ रथ कोणत्या शतकात धावला हे निश्चित सांगता येत नाही. लहान गाड्यांच्या अभ्यासातील सारी अडचण आणि सारी गोडी ह्या एका उदाहरणात आली.

आता प्रवरा सोडून पैनगंगेकडे वळावे. ही नदी विदर्भ आणि आदिलाबाद जिल्हा ह्यांच्यामधून वाहते, परंतु ती भाषेची सीमा नव्हे. हैदराबाद संस्थानाच्या काळात राजुरा आणि किनवट हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते तत्कालीन मुंबई राज्यात आले. नदीच्या दोन्ही तीरांवर मराठी बोलली जाते आणि दोन्ही तीरांवर पोळा साजरा होतो. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. ही प्रथा नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळात सुरू झाली, असे सांगतात. मुले आपापले लाकडी बैल सजवून आणतात. बैलांच्या पायांखाली पाटी, पाटीला चार चाके, पुढे दोरी. वडीलधारी मंडळी बैलांची पाहणी करतात. कोणाच्या बैलाचे वशिंड डौलदार, कोणाची शिंगे प्रमाणात, कोणाचा साज नीट, हे ताडून बक्षिसे देतात. प्रतिकृती जमवणे आणि त्यांची तुलना करणे हा छंद परका आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा पोळा अवश्य पाहावा.

आदिलाबादच्या दक्षिणेस, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर निर्मळ हे गाव आहे. २०१६ साली जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्मळ हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्याचेच भूषण होते. येथील नक्काश कारागिरांची लाकडी खेळणी दूरवर प्रसिद्ध आहेत. गावाचे नाव निम्मनायुडू नावाच्या सतराव्या शतकातील स्थानिक सत्ताधीशावरून पडले, आणि त्यानेच कारागिरांना आश्रय दिला, अशी परंपरा सांगते. येथे एकेकाळी तोफाही ओतल्या जात. एकाच गावात खऱ्या तोफा आणि मुलांची खेळणी घडावी, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे.

निर्मळची खेळणी पोनिकी नावाच्या अत्यंत हलक्या लाकडाची असतात. हे लाकूड मऊ. पटाशीखाली सहज वाकणारे, वाळल्यावर वजनाने जणू नाहीसे होणारे. अवयव वेगवेगळे कोरून चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा ह्यांच्या लगद्याने ते जोडतात. सांध्यांवर पातळ कापड बसवतात, वर पांढऱ्या मातीचा हात देतात, आणि मग रंग चढतो. फळे, भाज्या, पक्षी, हरणे, वाघ असे ह्या खेळण्यांचे विषय. आंध्रातील कोंडापल्ली येथेही ह्याच जातीचे लाकूड वापरतात. आपल्या सावंतवाडीचे चितारी मात्र पांगाऱ्याचे लाकूड पसंत करतात. तिन्ही ठिकाणची खेळणी एकत्र ठेवली, तर सराईत नजरेला ती ओळखण्यास फारसा वेळ लागत नाही. प्रत्येक गावाचा हात निराळा, रंगाची छटा निराळी, डोळे काढण्याची रीत निराळी.

निर्मळच्या कारागिराचे लक्ष मापाकडे नसते, रूपाकडे असते. हरिण किती इंच उंच, हे तो विचारीत नाही. हरणाची मान वळते कशी, हे त्याला पक्के ठाऊक असते. विसाव्या शतकात युरोपात जी लहान मोटार जन्माला आली, तिने रूपाबरोबर मापाचाही आग्रह धरला. पण तो आग्रह एका दिवसात आलेला नाही.

मोटारींची शर्यत १८९४ सालच्या पॅरिस-रुआं स्पर्धेपासून आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्डो-पॅरिस धावेपासून सुरू झाली, असे मानतात. गाड्यांच्या मागोमाग त्यांची खेळणीही आली. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे पत्र्याच्या खेळण्यांचे माहेरघर. परंतु शर्यतीच्या एका विशिष्ट गाडीची प्रतिकृती म्हणून ज्या खेळण्याने कीर्ती मिळवली, ते फ्रान्सचे. सीआयजे ह्या फ्रेंच कारखान्याने १९२० नंतरच्या दशकात अल्फा रोमिओच्या पी-२ ह्या गाडीची अर्ध्या मीटरहून लांब, चावीवर धावणारी पत्र्याची प्रतिकृती बाजारात आणली. मूळच्या पी-२ ने १९२५ साली मोटार बनवणाऱ्यांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत अजिंक्यपद मिळवले होते. खेळणे इतके हुबेहूब होते की आजही संग्राहक त्यासाठी मोठी किंमत मोजतात. मात्र हे खेळणे तांबड्याबरोबरच निळ्या, हिरव्या, पांढऱ्या रंगांतही विकले जाई. त्या काळी प्रत्येक देशाचा शर्यतीचा रंग ठरलेला असे: इटलीचा तांबडा, फ्रान्सचा निळा, इंग्लंडचा हिरवा, जर्मनीचा पांढरा. इटलीची गाडी फ्रान्सच्या निळ्या रंगात दाखवणे म्हणजे इतिहासाशी उघड फारकत. परंतु दुकानदारापुढे इतिहास नव्हता, फ्रेंच मुलांचा हट्ट होता.

ह्यानंतर आले लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी. त्यांच्या मेकॅनो कंपनीने १९३३ साली आगगाडीच्या खेळण्याबरोबर मांडण्यासाठी धातूच्या लहान गाड्या काढल्या. १९३४ पासून त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळाले. हॉर्नबीच्या आगगाडीत मूळच्या एका फुटाला सात मिलिमीटर असे प्रमाण होते. म्हणजे मूळच्या साडेत्रेचाळिसावा हिस्सा. पुढे संग्राहकांच्या जगात जे त्रेचाळीसास एक हे प्रमाण सर्वमान्य झाले, त्याचा उगम हा असा खेळण्यातील रुळांत आहे. कोणा शास्त्रज्ञाने ते विचारपूर्वक निवडलेले नाही. शेजारी उभ्या असलेल्या आगगाडीने ते ठरवले.

प्रमाण ठरले म्हणजे तुलना शक्य होते. चार मीटर लांबीची गाडी ह्या प्रमाणात ९३ मिलिमीटर भरते. प्रतिकृतीत एक मिलिमीटर चूक झाली, तर मूळ गाडीत ती चार सेंटिमीटरांहून अधिक होते. जुन्या गाड्यांच्या चाकांना तारेचे आरे असत. तीन मिलिमीटर जाडीचा आरा ह्या प्रमाणात माणसाच्या केसाइतका बारीक करावा लागेल. तो तसा केला, तर दिसणार नाही आणि टिकणारही नाही. म्हणून कारागीर तो जाड करतो. गाडी खरी वाटावी यासाठी तिच्यात थोडे खोटे मिसळावे लागते. निर्मळचा नक्काश जे डोळ्यांनी साधतो, ते येथे हिशेबालाही शेवटी मान्य करावे लागते.

सर्वांनीच प्रमाण पाळले असे मात्र नाही. इंग्लंडच्या लेझनी कंपनीने १९५३ साली मॅचबॉक्स ह्या नावाने गाड्या काढल्या. काड्यापेटीएवढ्या खोक्यात मावेल ती गाडी, असा त्यांचा नियम. त्यामुळे रोड रोलर आणि शर्यतीची मोटार दोन्ही जवळजवळ एकाच आकाराच्या झाल्या. अशा गाड्यांची परस्परांशी तुलना करणे म्हणजे निरनिराळ्या प्रमाणांचे नकाशे एकावर एक ठेवून अंतर मोजण्यासारखे आहे. जाणता संग्राहक म्हणूनच प्रथम प्रमाण विचारतो, मग रंग, मग इतर सर्व.

रंगाची साक्ष तर फारच सावधपणे घ्यावी लागते. १९५० नंतर डिंकीने काढलेली फेरारी निळी असून तिच्या नाकाडावर पिवळा त्रिकोण आहे. फेरारी म्हणजे तांबडी, असे शिकलेल्या माणसाला ही चूक वाटेल. पण ती चूक नव्हे. अर्जेंटिनाच्या मोटार क्लबाच्या चमूने फेरारी गाड्या आपल्या देशाच्या निळ्या-पिवळ्या रंगांत शर्यतीत उतरवल्या होत्या. पत्र्याची निळी अल्फा खोटी, आणि ओतीव धातूची निळी फेरारी खरी. केवळ वस्तूकडे पाहून हा भेद कळत नाही. त्यासाठी शर्यतींचा इतिहास वाचावा लागतो.

ह्याहून गाजलेला प्रश्न रुपेरी बाणांचा. १९३४ साली जर्मनीत आयफेल शर्यतीच्या आदल्या रात्री मर्सिडीजची गाडी ७५० किलोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा किंचित जड भरली, म्हणून तिचा पांढरा रंग खरवडून काढला, आणि उघड्या पडलेल्या धातूमुळे ती रुपेरी झाली, ही कथा चमूचे प्रमुख आल्फ्रेड नॉयबाउर ह्यांनी लोकप्रिय केली. पुढील संशोधकांनी मात्र त्या शर्यतीला ती वजनमर्यादा लागूच नव्हती, असे दाखवले. कथा सुरस आहे, म्हणून ती खरी ठरत नाही. प्रतिकृती पांढरी करावी की रुपेरी, ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नामागे कागदपत्रे, छायाचित्रे आणि आठवणी ह्यांचा असा झगडा असतो.

त्याच काळच्या ऑटो युनियनच्या गाड्या ह्या अभ्यासात विशेष महत्त्वाच्या आहेत. सॅक्सनीतील त्स्विकाऊ येथे त्या बनत. त्यांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असे. ही कल्पना पुढे शर्यतीच्या बहुतेक गाड्यांनी स्वीकारली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी, ज्या दिवशी इंग्लंड आणि फ्रान्स ह्यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले त्याच दिवशी, बेलग्रेडच्या शर्यतीत ताझिओ नुवोलारी ह्यांनी ऑटो युनियनच्या गाडीवर विजय मिळवला. युद्धानंतर सोव्हिएत फौजांनी उरलेल्या गाड्या आपल्या देशात नेल्या, आणि त्यांपैकी बहुतेक तेथे नष्ट झाल्या. डिंकीने ह्या गाडीची लहान प्रतिकृती युद्धापूर्वीच काढली होती. त्यामुळे दोन तऱ्हेच्या प्रतिकृती आज उपलब्ध आहेत. एक, मूळ गाडी धावत असताना केलेली. ती ओबडधोबड, पण समकालीन. दुसरी, अलीकडच्या काळात, जर्मनीच्या मिनीचॅम्प्ससारख्या कारखान्यांनी जुन्या छायाचित्रांवरून आणि आराखड्यांवरून केलेली. ती बिनचूक, पण उत्तरकालीन. बखरकार आणि आधुनिक इतिहासकार ह्यांच्यात जो फरक, तोच येथे. दोघांनाही एकमेकांच्या शेजारी बसवल्याखेरीज सत्य हाती लागत नाही.

दुर्दैवाने त्या समकालीन साक्षीदारांनाही आयुष्याची मर्यादा आहे. डिंकीच्या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या. त्यात शिशाचा किंचित जरी अंश मिसळला, तरी वर्षानुवर्षे धातू आतून फुगतो, त्याला सूक्ष्म भेगा जातात, आणि शेवटी हात लावताच त्याचा भुगा होतो. युद्धपूर्व गाड्यांपैकी कित्येक अशा रीतीने कपाटात बसल्या जागी नष्ट झाल्या. ओतताना झालेली हयगय पन्नास वर्षांनी उघडकीस येते. ह्यावर इलाज नाही. उरलेल्या गाड्यांची मापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवणे, एवढेच संग्राहकाच्या हाती राहते.

ह्या कथेतील एक लहान प्रकरण भारतातही घडले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्यास आले आणि निकी टॉइज ह्या नावाने त्यांतून गाड्या ओतल्या जाऊ लागल्या. १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षे ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या जग्वार डी-टाइपची प्रतिकृतीही त्यांत होती. झिजलेल्या साच्यांतून आलेल्या ह्या गाड्यांच्या कडा बोथट, रंग जाड. तरीही परदेशी संग्राहक आज त्या आवर्जून शोधतात, कारण साच्याचा उत्तरार्ध त्यांतच दिसतो. लिव्हरपूलचा मूळ कारखाना १९७९ साली बंद पडला. श्रोत्यांपैकी कोणाच्या माळ्यावर अशी एखादी बोथट गाडी अजून पडलेली असेल, तर ती रद्दीबरोबर टाकण्यापूर्वी उलटी करून तिच्या तळावरील अक्षरे वाचावीत.

आणि येथेच पैनगंगेच्या काठचा एक प्रश्न उभा राहतो. युरोपाने आपल्या शर्यतीच्या गाड्यांची इतकी मोजदाद केली. आपल्याकडे शर्यतीचे वाहन नव्हते काय? विदर्भातील शंकरपट ही बैलजोड्यांची शर्यत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिच्यासाठी लागणारी गाडी शेतमाल वाहणाऱ्या बैलगाडीहून अगदी निराळी: हलकी, आखूड, एका माणसापुरती, अनावश्यक असे काही शिल्लक न ठेवलेली. वजन कमी करण्यासाठी सुताराने केलेला तो विचार रुपेरी बाणांच्या कारखान्यातील विचाराहून मूलतः वेगळा नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे त्यासंबंधीचे कायदे वैध ठरवले. बैलांना होणाऱ्या क्लेशांविषयीचा आक्षेप खोटा नव्हता, आणि शर्यती असाव्यात की नसाव्यात हा निराळा विषय आहे. परंतु बंदीच्या त्या सात वर्षांत गाड्या बनवणाऱ्या हातांना काम नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. एखादे वाहन नाहीसे होण्यास महायुद्धच लागते असे नाही; एका पिढीची सुतारकी खंडित झाली तरी पुरते.

निर्मळच्या खेळण्यांना २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण मिळाले, पण पोनिकीचे झाड रानात दुर्मीळ होत चालले आहे, आणि लाकडासाठी कारागिरांना दूर जावे लागते. एका बाजूस मापून ठेवण्याजोगे वाहन आहे, दुसऱ्या बाजूस ते लहान करून दाखवू शकणारे हात आहेत, आणि दोहोंमध्ये जेमतेम एका जिल्ह्याचे अंतर आहे. पटाच्या गाडीची दांडी, जू, चाक, आस ह्यांची मापे घेऊन, दहास एक ह्या दायमाबादच्या प्रमाणात तिची लाकडी प्रतिकृती करणे ह्या कारागिरांना अशक्य नाही. तशी एकेक प्रतिकृती नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर आणि आदिलाबाद येथील शाळांतून ठेवता आली, तर मुलांना आपल्या भागातील वाहनाचा इतिहास हाताने फिरवून पाहता येईल.

दायमाबादच्या रथाचा काळ आज ठरवता येत नाही, कारण त्याच्या कर्त्याने मागे एकही अक्षर ठेवले नाही. पुढच्या काळातील अभ्यासकांवर पटाच्या गाडीविषयी तोच वाद घालण्याची पाळी येऊ नये, असे वाटत असेल, तर प्रतिकृतीच्या पाटीखाली दोन ओळी कोरून ठेवणे अगत्याचे आहे: मूळ गाडी कोणत्या गावची आणि माप कोणत्या वर्षी घेतले. लहान वस्तूचा मोठा इतिहास एवढ्या दोन ओळींवर उभा राहतो.